रागावण्याची विनंती

२ एप्रिल

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करायला हवा, पण डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा हा झोपून केलेलाच गोड मानून घे. शाळेच्या जिन्यावरून पडलो. मुलांना "जिन्यात पळू नका" असं ओरडून सांगत मी स्वतः पळत होतो. ही हकिकत अख्ख्या शाळेला पाठ झाली आहे, त्यामुळे तू नव्याने हसलीस तरी मला काही फरक पडत नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "हं, हं, बरं, पेशंट आलाय" म्हणून ठेवून देतेस. पत्राला तसं मधेच गप्प करता येत नाही.

आता मुद्दा. गेल्या वर्षी दहावीच्या मुलांना मी विचारलं, मानसशास्त्र शिकून माणूस काय करतो? उत्तरं आली: वेड्यांना बरं करतो, मनातलं ओळखतो, टीव्हीवर सल्ले देतो. एकाने लिहिलं, "शिकून घरी बसतो." माझी बहीण पंचवीस वर्षं हेच काम करते आणि माझ्याच वर्गाला त्याचा पत्ता नाही, याची मला लाज वाटली. म्हणून यंदा परीक्षा झाल्यावर सहा जणांना महिनाभर तुमच्या शहरात पाठवायचं ठरवलंय. या कामाच्या जितक्या तऱ्हा दाखवता येतील तितक्या दाखवायच्या. राहायची सोय वसतिगृहात झाली आहे. मीच घेऊन येणार होतो, आता आमच्या चित्रकलेच्या बाई येतील आणि मी इथून उंटावरून शेळ्या हाकीन. त्यातले मधले दोन आठवडे तू त्यांना तुझ्या केंद्रात ठेवून घेशील का?

सहा जण मुद्दाम सहा तऱ्हेचे निवडलेत. एकीच्या घरी वेगळीच भाषा बोलतात आणि आईला दवाखान्यात नेलं की हीच दुभाषी. एक आश्रमात वाढलेला. एकाची चाकाची खुर्ची आहे, तेव्हा तुमच्या दारांची रुंदी बघून ठेव. एकाचे वडील कचऱ्याची गाडी चालवतात आणि हा तोंड चालवतो, म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. उरल्या मिरी आणि सावली.

मिरी लहानखुरी आणि झणझणीत, म्हणून मिरी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते, थोडं बोलते, बाकी हातांच्या खुणांनी. सावली तिची शेजारीण. लहानपणापासून तिच्या खुणा शिकलेली, त्यामुळे लोक जे बोलतात ते सावली हातांनी मिरीला सांगते. ताई, या सहांमध्ये हेच शिकायचं असं मनात धरून बसलेली एकटी मिरी आहे. घरचे म्हणतात, जिला ऐकू येत नाही तिने लोकांचं ऐकून घेण्याचं काम कसं करायचं? त्यांनी टायपिंगचा वर्ग बघून ठेवलाय. जूनमध्ये विषय निवडायचे आहेत. तुझ्याकडून ती काय बघून येते, यावर तिचं पुढचं ठरणार आहे.

तुझा,
धाकटा

९ एप्रिल

धाकट्या,

पाय मोडला हे वाईट झालं, जिन्यात मोडला हे बरं झालं. आता तरी पोरं जिन्यात पळणार नाहीत.

पाठव. पण अटी आहेत. "माझ्या मनात काय चाललंय ते ओळखा" असं कोणी मला म्हणालं, तर त्याला त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसवीन. पंचवीस वर्षं लग्नकार्यात हाच प्रश्न ऐकतेय आणि आता माझे कान किटलेत. दुसरं, इथे येणाऱ्या मुलांची नावगावं कुणाला सांगायची नाहीत, एकमेकांतसुद्धा नाही. तुलाही मी सांगणार नाही, तेव्हा विचारू नकोस.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. माझी तपासणीची खोली आणि तिच्यामागची बघायची खोली यांच्यामध्ये एक काच आहे. माझ्या बाजूने ती आरसा, मागच्या बाजूने खिडकी. पण हे जमतं ते एकाच गोष्टीवर: माझ्याकडे उजेड हवा आणि मागे अंधार. मागचा दिवा लागला की आरशाची साधी काच होते आणि आतल्या मुलाला सगळे दिसतात. मागच्या खोलीत माझं बोलणं छताजवळच्या स्पीकरमधून ऐकू येतं. त्यांनी अंधारात बसायचं, बघायचं आणि चुळबुळ करायची नाही.

माझं काम बघून त्यांची निराशा होईल हे आधीच सांगून ठेव. मी मुलाच्या शेजारी बसते, ठोकळे मांडायला देते आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता लिहिते. त्यात "शाब्बास" म्हणायचं नाही, "चुकलं" म्हणायचं नाही. लोकांना वाटतं मी मनात शिरते. अरे, मला कित्येकदा मुलाच्या खिशात काय आहे तेही कळत नाही.

बाकी तऱ्हाही दाखवते. माझी एक मैत्रीण बसचालकांच्या नजरेची आणि हातापायांच्या चपळाईची परीक्षा घेते. एक जण तुरुंगात जातो. एकजण विद्यापीठात बसून माणसं विसरतात कशी यावर डोकं खाजवतो, आणि स्वतःची छत्री रोज विसरतो.

त्या मिरीबद्दल वाचलं. आशा दाखवायला काही लागत नाही, म्हणून मी ती पटकन दाखवत नाही. आधी तिला बघते, मग बोलते.

ताई

४ मे

प्रिय सर,

तुम्ही म्हणालात मेसेजमध्ये मी नुसतं "ठीक" लिहिते म्हणून पत्रच पाहिजे. तर घ्या. तुमचा पाय कसा आहे? (हे चित्रकलेच्या बाईंनी आधी विचारायला सांगितलं.)

पहिला आठवडा फिरण्यात गेला. बसचालकांच्या परीक्षेत वकिलाने भाग घेतला. लाल दिवा लागला की पायाने दाबायचं असतं. त्याने पहिल्यांदा दाबलंच नाही, कारण तो नियम बरोबर आहे की नाही यावर बोलत होता. त्या मॅडम म्हणाल्या, तू बस चालवू नकोस, बसच्या मालकाची बाजू मांड. तुरुंगातले सर खूप हळू बोलतात, मला त्यांचे ओठ आरामात वाचता आले. त्यांना विचारलं, तिथे भीती वाटत नाही का? ते म्हणाले, वाटते, तिथल्यांनाही माझी वाटते, मग आम्ही दोघं बसून ती कमी करतो. विसरण्याचा अभ्यास करणारे सर आम्हाला बोलावलंय हेच विसरले होते.

आजपासून तुमच्या ताईंचं केंद्र. सर, त्या कडक आहेत. पहिल्याच मिनिटाला म्हणाल्या, दिव्याला हात लावायचा नाही. पण त्यांचं तोंड नीट दिसेल अशा उभ्या राहतात आणि माझ्याशी बोलताना ओठ मोठे करत नाहीत. बहुतेक लोक माझ्यासमोर आल्यावर मासा होतात.

सावली दिवसभर हात हलवते आणि रात्री जेवताना चमचा उचलत नाही, म्हणते हात संपले. मी तिला भरवलं. ती लाजली, वकील हसला.

मला हेच काम करायचंय. हे मी अजून कुणाला बोलले नाही, फक्त तुम्हाला लिहिते. ताई काय म्हणतात ते बघू.

तुमची,
मिरी

११ मे

धाकट्या,

तुझी पोरं परत घेऊन जा.

सरळच लिहिते. काल माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा होता. घरी पोपटासारखा बोलतो, उंबऱ्याबाहेर चकार शब्द नाही. शाळा म्हणते, याला वेगळ्या शाळेत घाला. त्याची आई शिवणकाम करते. तिला रात्री झोप नाही, कारण तिच्याशी तर तो तासन्तास बोलतो आणि कुणाला ते खरं वाटत नाही. महिनाअखेर मला अहवाल द्यायचाय. पोरगं हुशार आहे हे मला कळतं, पण माझ्यासमोर त्याच्या तोंडून एक अक्षर निघालेलं नाही, आणि जे माझ्यासमोर झालं नाही ते मी लिहू शकत नाही. काल चौथ्या बैठकीत तो पहिल्यांदा सैल बसला होता. ठोकळे भराभर मांडत होता. मी अगदी श्वास रोखून बसले होते.

आणि मागचा दिवा लागला.

त्या लेकराला समोरच्या आरशात एकदम सहा अनोळखी तोंडं दिसली. ठोकळे पडले, तो टेबलाखाली गेला आणि आई येऊन त्याला बाहेर काढेपर्यंत तिथेच राहिला. तिने परवानगीच्या कागदावर सही केली होती, तरी तिने माझ्याकडे जसं बघितलं ते मला अजून दिसतंय.

मागच्या खोलीत गेले तर तुझा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "माझा हात लागला." बटणाशी तोच बसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बोट नाचवून जे काही बोलले ते लिहीत नाही. बिचारी मिरी कोपऱ्यात पांढरीफटक पडली होती, तिच्या पाठीवरून हात फिरवला, "काही हरकत नाही" म्हटलं आणि निघाले.

पुढच्या बैठकीला तो मुलगा येईल की नाही ठाऊक नाही. आला नाही, तर कोऱ्या अहवालावर त्याची शाळा बदलेल. शनिवारची गाडी आहे. त्यांना तिने पाठवते.

ताई

१३ मे

ताई,

तुझं पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. वकिलाला वसतिगृहाच्या फोनवर बोलावून घेतलं आणि झोपल्या झोपल्या जमेल तेवढं झापलं. एरवी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी पुरावा मागणारा पोरगा, पण या वेळी निमूट ऐकून घेतलं. त्याला खरंच लागलेलं दिसतंय.

तुझा राग रास्त आहे. त्या मुलाचं वाईट वाटतं, त्याच्या आईचं जास्त. पण एकाच्या हलगर्जीपणासाठी सहाही जणांना नको पाठवूस. वकिलाला केंद्राबाहेर ठेव, बाकीच्यांना राहू दे. निदान मिरीला. एवढं तुझ्या लंगड्या भावासाठी कर.

धाकटा

१३ मे

सर,

मी शनिवारच्या गाडीने परत येतेय. बाकीचे थांबले तरी. आईला मी सांगणार आहे की टायपिंगचा वर्ग चालेल.

तुम्हाला दिव्याचं कळलंच असेल. मी लावला. सगळ्यांसमोर लावला, वकिलाच्या डोक्यावरून हात लांबवून बटण दाबलं. अंधारात सावलीला माझे हात दिसत नव्हते आणि मला तिला सांगायचं होतं. मला नियम माहीत होता, पण त्या क्षणी तो डोक्यातून गेलाच. तो मुलगा टेबलाखाली गेला ते मी बघितलं. मला अजून जेवण जात नाही.

पण सर, मी परत येतेय ते त्याच्यामुळे नाही. ताई खोलीत आल्या त्या रागाने लाल होऊन. मी उभी राहायच्या आत वकील उठला. त्याची पाठ माझ्याकडे होती, तो काय म्हणाला मला दिसलं नाही. मग ताई त्यालाच बोलायला लागल्या. बोट नाचवून, खूप वेळ. सावलीला विचारलं तर ती रडत होती, नंतर म्हणाली, सोड ना. आणि जाताना ताई माझ्याकडे आल्या, ओठ मोठे केले, पहिल्यांदाच, आणि म्हणाल्या, "काही हरकत नाही." पाठीवर थोपटलं.

दिवा मी लावला आणि बोलणी त्याला. का, तर मला ऐकू येत नाही. सर, हे माझ्याबरोबर नेहमी होतं. लहानपणी काच मी फोडायचे आणि धपाटा भावाला बसायचा. तेव्हा मला मजा वाटायची. इथे वाटली नाही. जिला कुणी रागावतही नाही तिला काम कोण देणार? मला वाटलं होतं, ताई तरी तशा नाहीत.

त्या मुलाचे ओठ हलत होते. ठोकळे लावताना. ताई त्याच्या शेजारी बसतात, त्यांना तो बाजूने दिसतो. मला समोरून दिसत होता, आणि बाकीचे स्पीकर ऐकत होते, ठोकळे बघत होते. मला वाटलं तो मोजतोय. एक, दोन, तीन असं. आवाज नसावा, नाहीतर सगळ्यांना ऐकू आलं असतं. तेच सावलीला सांगायचं होतं. आता त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्या पायाची काळजी घ्या.

मिरी

१६ मे

ताई,

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, आणि मीही इथून दोरी ओढली. दिवा वकिलाने लावला नव्हता. मिरीने लावला. पण यातली खरी गंमत, म्हणजे रड, पुढेच आहे: ते तिने लपवलेलं नाही. ती समजते की तुला ठाऊक आहे, आणि तरी तू तिला सोडून दुसऱ्याला बोललीस, कारण ती बहिरी म्हणून तुला तिची दया आली.

तिचं पत्र जसंच्या तसं सोबत पाठवतो. तिला विचारलेलं नाही, त्याबद्दल नंतर तिच्या शिव्या खाईन. त्या मुलाच्या ओठांचा परिच्छेद दोनदा वाच. तुझ्या कामातलं मला कळत नाही, पण ज्या मुलाच्या तोंडून अक्षर निघत नाही म्हणून तुझा अहवाल अडलाय, त्याचे ओठ हलताना एकीला दिसलेत. तेच सांगायला तिने दिवा लावला.

वकिलाला मी पुन्हा फोन केला. म्हणाला, "सर, बोलणी मला पचतात. तिला परत पाठवलं असतं तर तिच्या घरच्यांना आयतं कारण मिळालं असतं." मिरीलाही काही सांगायचं नाही अशी सावलीला त्यानेच शपथ घातली होती. म्हणजे दोघांनी तिचं भलं करायला जाऊन छान गोंधळ घातला, आणि त्यात तुझं थोपटणं वरून.

मिरीला मी मेसेजवर दोनच ओळी लिहिल्या आहेत: शनिवारी निघू नकोस, कारण विचारू नकोस. ती माझं ऐकेल, पण फार दिवस नाही.

आता विनंती. आयुष्यात तुझ्याकडे असं काही मागेन असं वाटलं नव्हतं, कारण लहानपणापासून मला ते न मागता मिळालंय. ताई, त्या मुलीला एकदा सणसणीत रागाव. हात राखून नको. जसं मला रागावायचीस तसं. तिला गोंजारायला जग बसलंय. तिने चूक केली आणि ती चूक तिची आहे, एवढं तिला कुणीतरी नीट सांगायला हवं, नाहीतर ती टायपिंगला जाईल आणि जन्मभर समजेल की तिला कुणी मोजलंच नाही.

धाकटा

२० मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच राहिलं.

आधी माझं सांगते. मला खरंच ठाऊक नव्हतं. ती घाबरली असेल म्हणून थोपटलं. ओठ मोठे केले हे तिच्या पत्रातून मला कळलं. पंचवीस वर्षं मुलांचे चेहरे वाचून पोट भरते आणि एका मुलीचा चेहरा उलटा वाचला. शनिवारची गाडी रद्द केली आणि वकिलाची माफी मागितली. तो म्हणाला, "मान्य आहे, पण लेखी द्या." त्याला दिली.

मिरीला मात्र लगेच बोलावलं नाही. तिला दिसलं ते खरंच होतं की नुसतं वाटलं, याची आधी खात्री करायची होती. ओठ हलणं म्हणजे बोलणं नव्हे. मुलं जीभ चावतात, ओठ चोखतात. आणि तिला खूश करायला म्हणून मी ते मानलं असतं, तर तीही दयाच झाली असती.

तो मुलगा येईल का, हीच धाकधूक होती. त्याच्या आईच्या दुकानात मी स्वतः गेले. कापडाचे गठ्ठे बाजूला सारून तिने मला बसायला जागा केली. म्हणाली, तो घरी सारखा विचारतोय, आरशात माणसं कशी आली? चोर होते का? मी म्हटलं, चूक आमची. दिव्याची तर आहेच, पण त्याला आधी न सांगण्याची त्याहून मोठी. तुमची सही घेतली आणि त्याला विचारलंच नाही. ती बराच वेळ टाके घालत राहिली, मग म्हणाली, आणते.

काल तो आला. त्याला आधी मागच्या खोलीत नेलं, काच दाखवली, बटण त्याच्या हातात दिलं. पठ्ठ्याने दिवा इतक्या वेळा लावला आणि विझवला की बल्ब जाईल असं वाटलं. पलीकडे माझी मदतनीस उभी होती, ती दिसायची, नाहीशी व्हायची. पहिल्यांदा तो माझ्यासमोर हसला. मग ठोकळे घेतले. या वेळी मी शेजारी नाही, समोर बसले.

धाकट्या, त्याचे ओठ हलत होते. मोजत होता. रंगांची नावंही घेत होता, मला दोन-तीन स्पष्ट दिसली. आवाज नाही, पण शब्द होते, आणि माझ्यासमोर होते. चार बैठका मी चुकीच्या खुर्चीत बसले होते. अशा मुलांच्या बाबतीत बिनआवाजाचे शब्द ही बोलण्याची पहिली पायरी असते. हे मी आता लिहू शकते, सहीनिशी. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते काल कळलं. 

आता तुझी विनंती. मान्य आहे. मिरीला उद्या सकाळी बोलावलंय. मला रागावायला तयारी लागत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

ताई

२३ मे

प्रिय सर,

माझं पत्र तुम्ही ताईंना दाखवलंत. यावर आपण तुमचा पाय बरा झाला की बोलू.

परवा सकाळी ताईंनी मला बोलावलं. मला वाटलं, निरोप द्यायला. सावलीला शेजारी बसवलं, खिडकी उघडली, उजेडात तोंड केलं आणि म्हणाल्या, "दिवा तू लावलास." मी म्हटलं, हो. आणि मग सर, त्या सुरू झाल्या.

दिव्याबद्दल बोलल्या ते तुम्हाला सांगायला नको. एक मूल माझ्यामुळे टेबलाखाली गेलं, हे त्यांनी गोड करून सांगितलं नाही. त्याच्या आईला त्या काय बोलल्या आणि आई काय म्हणाली, तेही सगळं सांगितलं. मला रडू आलं, तरी त्या थांबल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. तर म्हणाल्या, आता खरं बोलते. एका मुलाचे ओठ हलताना तू बघितलेस आणि ते कुणाला न सांगता बॅग भरलीस? तुझा मान दुखावला म्हणून त्याची शाळा बदलू द्यायची? हे काम करायचंय म्हणतेस आणि जे बघितलं ते घेऊन रुसून बसतेस? बघितलेलं तुझ्या मालकीचं नसतं. तोंडाने सांग, हातांनी सांग, कागदावर लिहून माझ्या टेबलावर आपट, पण सांग.

शेवटी मी कागदावर लिहून दिलं, "तो मोजत होता." त्यांनी तो फाडला. म्हणाल्या, तो मोजत होता हे तुला ठाऊक नाही. "ओठ हलले, मला मोजल्यासारखं वाटलं" असं लिहायचं. तीन वेळा लिहायला लावलं. त्या भराभर बोलत होत्या, ओठ जराही मोठे न करता, आणि सावली इतकी दमली की मध्येच म्हणाली, ताई, जरा थांबा, माझे हात. तर ताई म्हणाल्या, पाणी पी, अजून बाकी आहे.

मग मी त्यांना विचारायचं होतं ते विचारलं. मला हे काम करता येईल का?  म्हणाल्या, अवघड आहे, खोटं सांगणार नाही. काही कामं तुला नाही जमणार, स्पीकरचं तर नाहीच. पण माझ्याकडे ऐकू न येणारी मुलं येतात, आणि मी त्यांच्याशी त्यांच्या आयांमार्फत बोलते. आई जे सांगेल ते मुलाचं म्हणून लिहून घेते. मला ते कधीच पुरत नाही, आणि त्या मुलांशी थेट खुणांनी बोलेल असं इथे कुणी नाही. शिकून ये. बरीच वर्षं लागतील आणि मी तोवर म्हातारी होईन, तेव्हा उगाच रेंगाळू नकोस.

आज तो मुलगा आला होता. ताईंनी त्याला विचारलं, ही ताई खोलीत बसली तर चालेल का? त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली. मी कोपऱ्यात बसले, काही केलं नाही. ठोकळे आवरायला घेतले तेव्हा तो आईच्या कानाशी गेला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. पण ताईंचा चेहरा दिसला. नंतर सावलीने सांगितलं, तो कुजबुजला, "अजून." ताईंना ऐकू आलं होतं. सर, त्यांनी चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही, नुसते ठोकळे परत मांडले. त्याची शाळा बदलायची नाही असं अहवालात लिहिलंय. त्याची आई पायऱ्यांवर बसून हसत होती आणि रडतही होती.

जूनचे विषय मी लिहून ठेवलेत. पहिला कुठला ते तुम्हाला माहीत आहे. बाबांना मी स्वतः सांगणार, तुम्ही मध्ये पडायचं नाही.

एकच काम करा. काल मी आनंदाच्या भरात आईला पत्र टाकलं, आणि त्यात फक्त एवढंच लिहिलं की ताईंनी मला सगळ्यांपेक्षा जास्त रागावलं, दुपारच्या जेवणापर्यंत. ती वाचून घाबरेल. तुम्ही घरी जाऊन तिला सांगा की बातमी चांगली आहे.

तुमची,
मिरी